कुमारवयातील शरीरसौष्ठव आणि अर्धशक्तीचे प्रमाण

दहावीची परीक्षा संपली की व्यायामशाळांत नावे नोंदविणाऱ्या मुलांची गर्दी होते आणि त्यापाठोपाठ आपल्या चिकित्सालयांतही एक ठरावीक मागणी येऊ लागते : ‘‘डॉक्टर, अंग भरण्यासाठी काहीतरी आयुर्वेदिक द्या.’’ अशा वेळी अश्वगंधा चूर्णाची पुडी देऊन मुलास वाटेस लावणे सोपे असते. परंतु त्या मुलास प्रथम आवश्यकता असते ती व्यायामाच्या मात्रेची, आणि ती मात्रा ठरविणे हे वैद्याचेच काम आहे.

अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वाग्भटाचार्यांनी वातपित्ताचे रोगी, वृद्ध व अजीर्णी यांच्यासमवेत बालासही व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. हा निषेध शब्दशः घेतला तर शाळेतील कवायतही बंद करावी लागेल! त्याचे मर्म चरकाचार्यांच्या वयोविचारात सापडते. सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात. त्यापुढे तिसाव्या वर्षापर्यंत ते वाढत असतात, आणि या काळात सत्त्वही बहुधा अनवस्थित असते, असे विमानस्थानात म्हटले आहे. तीन महिन्यांत पिळदार दंड हवेत, ही घाई या अनवस्थित सत्त्वाचीच होय. म्हणून निषेध आहे तो अपरिपक्व धातूंवर पडणाऱ्या अतिभाराचा, खेळण्याबागडण्याचा नव्हे, असे आमचे मत आहे.

आधुनिक शारीरशास्त्राचे म्हणणे याहून फार निराळे नाही. लांब हाडांच्या टोकांशी असणारे वाढीचे कूर्चापट्ट मुलांत साधारणतः सोळा ते अठरा या वयात, तर मुलींत त्याआधी दोनेक वर्षे अस्थिरूप होतात. तोवर ते हाडांतील दुर्बल स्थान असते. मात्र वजन उचलल्याने उंची खुंटते हा समज खरा नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० सालच्या आपल्या अहवालात जाणकाराच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेला बलवर्धक व्यायाम मुलांना सुरक्षित मानला आहे. इजा होते ती देखरेखीच्या अभावी, चुकीच्या ठेवणीमुळे आणि चढाओढीने उचललेल्या कमाल वजनामुळे.

येथे अर्धशक्तीची कल्पना विलक्षण उपयोगी पडते. व्यायाम करताना हृदयस्थ वायू मुखापर्यंत येऊ लागला, म्हणजेच तोंडाने श्वास घ्यावा लागला, की ते बलार्धाचे लक्षण समजावे, असे सुश्रुताचार्य सांगतात. काख, ललाट, नासिका व सांधे यांवर घाम आणि मुखशोष ही लक्षणे पुढील ग्रंथांत येतात. या मोजमापास यंत्र लागत नाही. वजनांच्या भाषेत सांगावयाचे, तर जे वजन शरीराची ठेवण न बिघडता दहा ते पंधरा वेळा उचलता येते आणि थांबताना आणखी काही वेळा उचलण्याची ताकद शिल्लक राहते, तेच योग्य. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवसाची विश्रांती. आणि वाढवावयाचेच झाल्यास एका वेळी पाच ते दहा टक्क्यांहून अधिक नको. ‘एकदाच, पण जास्तीत जास्त’ हा खेळ वाढ पूर्ण होईपर्यंत सर्वथा वर्ज्य. श्वास कोंडून वजन उचलू नये. उचलताना तो सोडावा.

पहिले दोन महिने तर लोखंडास हात न लावलेलाच बरा. सूर्यनमस्कार, जोर, बैठका एवढ्यावर पुष्कळ काम होते. आपल्या जुन्या तालमींत नवशिक्यास आधी आखाड्याची माती उकरावयास लावीत. त्यात शिस्त होती, तशी उत्तम अंगमेहनतही होती. व्यायामानंतर सुखकर मर्दन सांगितले आहे. त्याचा आता सर्वांना विसर पडला आहे.

प्रथिनांच्या पावडरीची चर्चा मुलापेक्षा पालकच अधिक करतात. आयसीएमआरच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलास दिवसाकाठी सुमारे ५५ ग्रॅम प्रथिने लागतात. अर्धा लिटर दुधातून सुमारे १६, मूठभर शेंगदाण्यांतून १२ आणि वाटीभर उसळीतून ८ ते १० ग्रॅम प्रथिने मिळतात. उरलेली भाकरी-पोळी व वरणातून सहज भागतात. मात्र अग्नी मंद असता दूध, बदाम, अश्वगंधा ही सारी बृंहण द्रव्ये आमासच कारण होतात. तेथे आधी दीपन-पाचन, मग बृंहण.

व्यायाम करताना छातीत दुखणे वा मूर्च्छा येणे, अथवा घरात कोणाचा तरुणपणी आकस्मिक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही आढळल्यास हृदयाची तपासणी होईपर्यंत व्यायाम थांबवावा.

सर्वांत कठीण प्रश्न मुलास एकांतात विचारावा : कोणी इंजेक्शन वा गोळी देऊ केली आहे काय? पौरुषवर्धक स्टेरॉइडांनी वाढीचे कूर्चापट्ट अकाली मिटतात व उंची कायमची खुंटते. वृषणसंकोच, स्तनवृद्धी व यकृतविकार हे आणखी वेगळेच. दुसरा धोका अधिक छुपा आहे. वजन वाढविणाऱ्या काही बेनावी पावडरींत, कित्येकदा ‘आयुर्वेदिक’ म्हणून खपविल्या जाणाऱ्यांतही, डेक्सामेथासोन मिसळलेले असते. भूक वाढते, वजन भराभर चढते. पण ते मांसधातूचे नसून पाणी व मेदाचे असते. चेहरा गोल सुजल्यासारखा दिसतो, पोटावर जांभळट रेषा उमटतात. असा रुग्ण आल्यास पावडर तत्काळ बंद करण्यास सांगू नये. दीर्घकाळ घेतलेले हे औषध एकाएकी थांबविल्यास अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असल्याने उलट्या, रक्तदाब उतरणे, प्रसंगी प्राणसंकटही ओढवते. पावडरीची पिशवी सोबत देऊन मुलास त्याच दिवशी रुग्णालयातील फिजिशियनकडे पाठवावे. मात्रा उतरविण्याचा क्रम तेथेच ठरवावा.