गीताई : दगडावरून पडद्यावर

वर्ध्यात गोपुरीच्या गीताई मंदिरात मूर्ती नाही. उघड्या आभाळाखाली उभ्या शिळा आहेत आणि त्यांवर विनोबा भावे यांची गीताई, म्हणजे भगवद्गीतेचा मराठी पद्यानुवाद, अठराही अध्यायांसह कोरलेली आहे. हीच गीताई 1932 मध्ये, विनोबा धुळ्याच्या तुरुंगात असताना, प्रथम छापून निघाली आणि खिशात मावणाऱ्या पुस्तिकांतून घरोघर पोचली. आता ती मोबाईलवरही वाचता येते.

पण जुने पुस्तक पडद्यावर आणणे म्हणजे नुसते स्कॅन करणे नव्हे. स्कॅन केलेले पान हे संगणकासाठी केवळ चित्र. त्यातली अक्षरे ओळखण्याचे काम ओसीआर तंत्र करते, आणि देवनागरीत ते अडखळते. शिरोरेषा अक्षरांना एकत्र बांधते, जोडाक्षरे आकार बदलतात, जुन्या छपाईत काना पुसट असतो.

‘स्थित’ हा शब्द घ्या. कागदावर ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते. युनिकोडमध्ये मात्र क्रम स, हलन्त, थ, वेलांटी, त असा पाच संकेतांचा. हा क्रम चुकला, की शोधूनही शब्द सापडत नाही. म्हणून मुद्रितशोधक आजही हवाच.

दुसरी अट कायद्याची. भारतात लेखकाच्या निधनानंतरची 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. गांधीजींच्या लेखनावरचा हक्क 2008 अखेर संपला. विनोबांचे निधन 1982 मध्ये पवनारला झाले. त्यांच्या लेखनासाठी ती मुदत 2042 अखेरपर्यंत आहे. तोवर डिजिटल प्रत काढायची, तर हक्कधारकांची परवानगी लागते.