कानातला फाया आणि शिळं अत्तर

आदिलाबाद जिल्ह्यातल्या केस्लापूरच्या नागोबा जत्रेत घेतलेलं अत्तर लावल्यापासून कानामागे काळपट डाग पडलाय. यापुढे ‘नॅचरल’ अत्तरच घेऊ का, असं इंद्रवेल्लीच्या एका वाचक ताईंनी विचारलंय. उत्तर आधीच देऊन टाकतो: नॅचरलच्या भरवशावर राहू नका.

अमेरिकी त्वचातज्ज्ञ वॉल्टर लार्सन यांनी 1977 मध्ये सुगंधी द्रव्यांचा त्रास होणाऱ्या 20 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून पुढे आठ घटकांचं जे मिश्रण रूढ झालं, ते त्वचातज्ज्ञ आजही पॅच टेस्टला, म्हणजे कातडीवरच्या ॲलर्जीच्या चाचणीला, वापरतात. त्यात कोण कोण आहे पाहा: लवंगेतलं युजेनॉल, गुलाबातलं जिरॅनिऑल, आणि ओकमॉस, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचा युरोपातला भाऊबंद. ही तिन्ही निसर्गाचीच लेकरं!

डाग काळा का, तेही सांगायला हवं. गोऱ्या कातडीवर ॲलर्जी लाल उमटते. आपल्या रंगावर ती लाली लपते आणि मागे राहतो तो काळेपणा. जपानचे त्वचातज्ज्ञ हिदेओ नाकायामा यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं, की प्रसाधनांतल्या सुगंधी द्रव्यांनी चेहरा काळवंडतो. त्यांच्या संशयितांच्या यादीत चमेलीचा अर्कही होता. आपल्याकडे अशा डागाला वांग समजून त्यावर आणखी एक सुगंधी क्रीम चोळलं जातं.

वास आवडणं आणि वास सोसणं ही दोन वेगळी खाती आहेत. आदिलाबादच्या रानात मोहाची फुलं गळू लागली की जो वास दरवळतो, त्यात 2-ॲसिटिल-1-पायरोलीन नावाचा रेणू असतो. बासमतीच्या वासामागेही तोच. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मोहाच्या फुलात तो कसा तयार होतो याचाही माग काढला आहे. (मोहाची आठवण दारूपुरतीच ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.) पण ही झाली नाकाची गोष्ट. कातडीतल्या पहारेकरी पेशींना वासाशी देणंघेणं नाही. एखादा छोटा रेणू कातडीत शिरून तिथल्या प्रथिनाला चिकटला, तरच त्या जाग्या होतात.

इथेच मला स्वीडनच्या संशोधक ॲन-थेरेस कार्लबर्ग आठवतात. सुगंधाच्या गप्पांत फ्रेंच अत्तरकारांची नावं निघतात, यांचं कुणी काढत नाही. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन ताजं असताना जवळजवळ निरुपद्रवी असतं. हवा लागली की मात्र त्याचे कडक ॲलर्जी आणणारे पदार्थ बनतात, हे त्यांच्या गटाने 1992 मध्ये मांडलं. धने-तुळशीच्या वासातल्या लिनॅलूलचंही पुढे तेच निघालं. कोवळा आघाडा बोटांतून निसटतो, पण त्याचं वाळलेलं बी लुगड्याच्या काठाला धरलं की सुटत नाही; ऑक्सिजन या रेणूंचं असंच काहीसं करतो. म्हणून कपाटात वर्षानुवर्षं जपलेली अर्धी बाटली नव्या बाटलीपेक्षा जास्त घातक ठरू शकते. लहान बाटली घ्या, बूच घट्ट लावा, उन्हात ठेवू नका.

‘हायपोअलर्जेनिक’ या शब्दावरही भुलू नका. अमेरिकी सरकारने 1975 मध्ये त्याला नियमात बांधायचा प्रयत्न केला, कंपन्या कोर्टात गेल्या आणि 1977 मध्ये तो नियमच रद्द झाला. ‘अनसेंटेड’चाही भरवसा नाही, मूळचा वास झाकायला त्यात कधी दुसरा वास घातलेला असतो. युरोपात 26 सुगंधी घटकांची नावं वेष्टनावर छापणं 2005 पासून सक्तीचं झालं आणि 2023 मध्ये ती यादी 80 च्या वर नेली. आपल्याकडे बहुतेक डब्यांवर ‘परफ्यूम’ एवढा एकच शब्द.

मग निवडायचं कसं? नवं अत्तर कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, दोन आठवडे लावून पाहा. एका दिवसात निकाल लागत नाही, कारण ही ॲलर्जी सवडीने उठते. ज्या बाटलीने आधीच डाग दिलाय तिची मात्र पुन्हा परीक्षा नको. डॉक्टरांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. संशयित पदार्थ कातडीवर दोन दिवस झाकून ठेवायची ही पद्धत त्वचातज्ज्ञ योसेफ यादासोन यांनी 1895 मध्ये मांडली. अत्तराचा फाया दिवसभर कानात खोचणारे शौकीन तिथल्या पातळ कातडीवर तेच करत आले, फक्त निकाल कुणी नोंदवला नाही.

तरी सुगंध हवाच असेल तर तो कपड्याला लावावा, अंगाला नको. पैठणीवर मात्र हा प्रयोग करू नये, तेलाचा डाग निघत नाही.