‘मदरबोर्ड गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

भिवंडीत कल्याण नाक्याजवळ मी लॅपटॉप दुरुस्त करतो. यंत्रमागांचं गाव, कापसाचे बारीक तंतू हवेतच असतात. ते पंख्यातून आत शिरतात, हीटसिंकच्या जाळीवर थर साचतो, लॅपटॉप तापून बंद पडतो. अशा वेळी साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट बहुधा पुरते. तरी ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून हजारोंचा आकडा ऐकून गिऱ्हाईक रडकुंडीला येतं, तेव्हा मला चीड येते.

बोर्डाचं नाव निघालं की विचारा, त्यावरचं नेमकं काय गेलंय? मल्टिमीटर लावून दाखवा म्हणा. शॉर्ट झालेला कपॅसिटर काही रुपयांचा असतो. तो शोधायला मात्र तास-दोन तास जातात, पारखी नजर लागते. त्या कामाची चांगली मजुरी मागणं रास्तच आहे. पण मग बिलात नव्या बोर्डाची किंमत नको.

स्क्रीन, बॅटरीचा भाव मॉडेल नंबर सांगून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत फोन करून विचारता येतो. सुटा भाग, मजुरी, वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या. १८ टक्के जीएसटी आकड्यात धरलाय का, तेही विचारा. बदललेला जुना भाग मागून घ्या. पक्कं बिल हाती असलं, की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवायला बळ मिळतं.