फवारा कपाशीवर, परिणाम पोटातल्या बाळावर

बीड जिल्ह्यातल्या गेवराई-माजलगावच्या कापूसपट्ट्यात श्रावण-भाद्रपदात फवारणीची घाई असते. पंप गड्याच्या पाठीवर. पण विहिरीवरून पाणी आणायचं, औषध कालवायचं, टाकी भरून द्यायची ती घरच्या बाईनं. पोटुशी असली तरी. लहानगं तिथंच बांधावर खेळतं. फवारणीचे कपडे संध्याकाळी घरच्या धुण्यातच पडतात. दसऱ्यानंतर यातलीच कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात.

फवारणीची विषबाधा म्हटली की २०१७चं यवतमाळ आठवतं. तिथे माणसं दगावली, म्हणून बातमी झाली. पोटातल्या बाळाला होणारी इजा अशी दिसत नाही.

क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं किडीच्या मज्जासंस्थेतलं एक विकर बंद पाडतात. तेच विकर माणसातही असतं. शिवाय हे विष मोडणारं पीओएन-१ हे विकर बाळात फार कमी असतं. कित्येक मुलांत ते सातव्या वर्षीही मोठ्यांइतकं भरत नाही.

कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात बर्कली विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी यांनी १९९९-२००० पासून शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर स्त्रियांची नोंद ठेवली. त्याही बहुतेक स्थलांतरितच, मेक्सिकोतून आलेल्या. ज्यांच्या लघवीत या औषधांचे अंश जास्त होते, त्यांच्या मुलांत पाचव्या वर्षी लक्ष न लागण्याच्या तक्रारी अधिक आढळल्या, मुलग्यांत विशेष. मुलं साडेतीन वर्षांची असताना हे तितकं स्पष्ट नव्हतं. म्हणजे इजा गर्भात आणि खूण शाळेच्या उंबरठ्यावर.

हा संबंध आहे, एकेका मुलाचं निदान नव्हे. रक्तक्षय, अपुरी झोप, ऊसतोडीवरचं कोपीतलं बिऱ्हाड, दरवर्षी तुटणारी शाळा यांनीही लक्ष उडतं. पण म्हणून वर्गात चुळबुळणाऱ्या पोराला ‘द्वाड’ ठरवून मोकळं होणं अन्यायाचंच आहे.

उपाय हाताबाहेरचा नाही. अमेरिकेने २००१च्या सुमारास क्लोरपायरिफॉसचा घरगुती वापर थांबवला आणि न्यूयॉर्कच्या नवजात बाळांच्या नाळेतल्या रक्तातलं त्याचं प्रमाण झपाट्याने उतरलं. युरोपीय संघाने २०२०मध्ये त्याची मान्यताच काढून घेतली.

बीडमध्ये सुरुवात आशाताईंच्या वहीपासून व्हावी. गरोदरपणाची नोंद करतानाच विचारावं: फवारणीचं पाणी कोण भरतं, कपडे कुठे धुता, रिकामे डबे कशाला वापरता? आणि घरच्या पुरुषांनी एवढं करावं: दिवस गेलेल्या बाईला पंपाजवळ येऊ देऊ नये, फवारणीचे कपडे स्वतः वेगळे धुवावेत.