गाडी थांबते, मागच्याला कळते का?

भाजीपाल्याची गाडी रात्री गावातून निघते, कसारा घाट उतरते, भिवंडी-ठाणे करत जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पहाटे अंधेरीला लागते. 2016 साली फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला. तेव्हापासून जुनी 407 घेऊन थेट उपनगरातल्या सोसायट्यांपर्यंत माल नेणे सोपे झाले. निघताना आपण माल, ताडपत्री, डिझेल, चाकातली हवा सगळे बघतो. ब्रेकलाइट बघायचा राहतो, कारण तो चालवणाऱ्याला दिसतच नाही. अंधेरीच्या सबवेत पावसाचे पाणी भरले की आसपासच्या रस्त्यांवर रांगा लागतात. अशा वेळी आपण ब्रेक दाबला आणि मागे लाल दिवा पेटला नाही, तर मागच्याला कळणार कसे?

दिवा लागत नाही म्हटले की आपण बल्ब बदलतो, नाही जमले तर ब्रेकचा स्विच बदलतो. जुन्या गाडीत दोष अनेकदा या दोन्हीत नसतो. तो असतो मागच्या अर्थमध्ये, नाहीतर चासीवरून गेलेल्या वायरच्या जोडात.

अर्थचे असे आहे. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूज, ब्रेक स्विच, वायर, बल्ब असा जातो आणि परत येतो तो चासीच्या लोखंडातून. पासिंगच्या आधी आपण हौदा रंगवतो, रंग अर्थच्या बोल्टखालीही जातो आणि वाट बंद होते. लाकडी फळीवर दिवा ठोकला असेल तर वेगळी अर्थ वायर ओढल्याशिवाय तो लागणारच नाही. मग करंट दुसरी वाट शोधतो. ब्रेक दाबला की टेललॅम्प मंद होतो, इंडिकेटर मिणमिणतो, भलताच दिवा लागतो. अशी भुताटकी दिसली की बल्बला हात लावू नका, आधी अर्थ बघा. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. खताची गाडी असेल तर जास्तच जपा. युरियाची भुकटी ओलीत भिजली की तांब्यावर हिरवी बुरशी चढते. वर्सोव्याच्या मासळी वाहणाऱ्या गाडीचे बर्फाचे खारे पाणी तेच करते.

आता तपासायचे कसे? एक टेस्टलॅम्प घ्या, म्हणजे होल्डरमध्ये बल्ब आणि दोन वायरी. 407 ला 12 व्होल्टचा, 24 व्होल्टच्या मोठ्या ट्रकला 24 चा. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. टेस्टलॅम्पची एक वायर मागच्या होल्डरच्या ब्रेकच्या टोकाला, दुसरी चासीच्या स्वच्छ लोखंडाला लावा. लॅम्प लागला म्हणजे करंट येतोय, दोष बल्बचा किंवा अर्थचा. नाही लागला तर पुढे सरका. ब्रेक स्विचच्या दोन वायरी क्षणभर एकमेकींना जोडा. दिवे लागले तर स्विच गेला. तरीही नाही लागले, तर फ्यूज आणि मधली वायर बघा. स्विच पेडलजवळ किंवा मास्टर सिलिंडरवर सापडेल. एअर ब्रेकच्या ट्रकला तो हवेच्या लाइनवर असतो, म्हणून टाकीत हवा भरल्याशिवाय तपासणी करू नका, उगाच चांगला स्विच काढाल.

बल्बचीही एक गंमत. टेल-ब्रेकच्या 21/5 वॅटच्या बल्बला दोन तारा असतात आणि बाजूच्या पिना खालीवर असतात. घाईत एका तारेचा बल्ब दामटून बसवला की ब्रेक दाबताच टेललाइट आणि मीटरचा दिवाही लागतो.

चारी इंडिकेटर एकदम लुकलुकणाऱ्या हॅझार्डचे वेगळे. त्याला करंट थेट बॅटरीकडून, चावी बंद असतानाही मिळतो. वळणाच्या इंडिकेटरला चावीतून मिळतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा दुसरा करंटही हॅझार्डच्या बटणातूनच जातो. म्हणून इंडिकेटर बंद पण हॅझार्ड चालू असेल, तर चावीकडचा फ्यूज बघा आणि बटण दहा-वीस वेळा आत-बाहेर करा. आतले टोक गंजलेले असले तर बऱ्याचदा तेवढ्याने सुटते. उलट असेल तर हॅझार्डचा फ्यूज. दोन्ही बंद तर फ्लॅशर. एकच बाजू भराभर लुकलुकली तर त्या बाजूचा बल्ब गेलाय. स्वस्तातले एलईडी बसवल्यावरही असे होते, कारण जुना फ्लॅशर बल्बच्या ओढीवर चालतो आणि एलईडीची ओढ फार कमी. त्याला साजेसा फ्लॅशर बदलून घ्या.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून तिथे जाड तार घालणारे कमी नाहीत. कृपा करून हे करू नका. हॅझार्डचे 21 वॅटचे चार दिवे 12 व्होल्टवर 7 अँपिअर ओढतात. याहून फार जास्त जात असेल तर वायर कुठेतरी चासीला घासून उघडी पडली आहे. फाळक्याच्या बिजागरीजवळ आधी शोधा. तार घातली तर वायर जळेल, आणि वर ताडपत्री आहेच.

ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांनी पाण्याचा टँकर आणि घंटागाडीही याच रीतीने तपासून घ्यावी. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागते, पण दिवा त्या तारखेची वाट बघत नाही.

घाटात धुके पडले की चालत्या गाडीला हॅझार्ड लावायची सवय अनेकांना आहे. तेव्हा वळणाचा इशारा मागच्याला कळत नाही, म्हणून तो बंद पडलेल्या गाडीसाठीच ठेवा. रस्त्यात गाडी बंद पडली तर रात्रभर हॅझार्डवरही विसंबू नका, जुनी बॅटरी उतरते. मागे चांगल्या अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवा. तो नाही म्हणून दगड आणि झाडाच्या फांद्या मांडल्या असतील, तर गाडी सुरू झाल्यावर त्या आधी उचला, मग गिअर टाका.