वळिवड्याची विगिलिया, कामोठ्यातला नाताळ

पोलिश घरांत नाताळचा खरा सोहळा २४ डिसेंबरच्या संध्याकाळी होतो. त्या रात्रीच्या जेवणाला विगिलिया म्हणतात. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी जेवायला बसत नाही, म्हणून पोरे खिडकीशी डोळे लावून उभी असतात. मांस त्या दिवशी वर्ज्य, मासे चालतात. टेबलावर पांढरी चादर, तिच्याखाली येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून मूठभर वाळके गवत, आणि घरातल्या माणसांपेक्षा एक ताट जास्त. ते ताट अवचित दारी येणाऱ्या पाहुण्यासाठी किंवा घरापासून दूर असलेल्या माणसासाठी. यातल्या कशालाच फारसा पैसा लागत नाही.

हा सण महाराष्ट्रातही नांदून गेला आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने या कुटुंबांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले होते. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ती हिंदुस्थानात पोचली. वळिवड्यात बराकी, शाळा, दवाखाना, चर्च असे गावच उभे राहिले. डिसेंबरात बर्फ नाही, वडिलोपार्जित भांडीकुंडी तर कधीच मागे राहिलेली. तरी विगिलिया चुकली नाही, कारण तिला लागणाऱ्या वस्तू थोड्या आणि कुठेही जुळवता येण्याजोग्या. पुष्कळ घरांतले कर्ते पुरुष जनरल आंदर्स यांच्या पोलिश सैन्यात होते. १९४४ मध्ये हेच सैन्य इटलीत मोंते कासिनोला लढले. अशा घरात जास्तीचे ताट कुणाचे, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नसणार. छावणी उठल्यावर फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे त्या जागी आली. आजचे गांधीनगर ते हेच.

कामोठ्यातल्या वन बीएचकेमध्ये असा नाताळ करायचा तर दिवाळीचा फराळ संपतासंपताच तयारीला लागणे बरे. पिएर्निक या मसालेदार केकचे जुन्या पद्धतीचे पीठ मध, साखर, लोणी, कणीक, सुंठ, दालचिनी, लवंग आणि जायफळ घालून मळतात आणि चार-सहा आठवडे थंड जागी मुरत ठेवतात. इथल्या हवेत ते फ्रिजमध्येच ठेवावे लागेल. नाताळच्या आठवडाभर आधी भाजून झाकून ठेवला की तो मऊ होत जातो.

सजावट विकत आणायची गरज नाही. पोलिश झाडावर पूर्वापार सफरचंदे, अक्रोड, कागदाच्या साखळ्या आणि काडाच्या चांदण्या लटकतात. काड तिकडे राईचे. पनवेल तालुक्यात भातकापणी झालेली असते, तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडून पेंढ्याची एक जुडी सहज मिळावी. काड्या कोमट पाण्यात भिजवायच्या, ब्लेडने उभ्या चिरायच्या आणि कोमट इस्त्रीने सपाट करायच्या. चार पट्ट्या मध्यावर एकमेकींवर आडव्यातिडव्या ठेवून लाल दोऱ्याने आवळल्या की आठ टोकांची चांदणी तयार. दोरा एकदा पट्टीच्या वरून, एकदा खालून घ्यायचा. नाहीतर चांदणी सुटते. उरलेला पेंढा चादरीखाली. झाड म्हणून कुंडीतले कोणतेही रोप चालेल.

जेवणात बारा पदार्थ हवेत, असा संकेत आहे. पण गरिबाघरी पाच-सातही होत, आणि त्याने सणाला उणेपणा येत नसे. बिटाचे आंबूस सार, कोबी आणि मशरूमचे सारण भरून उकडलेले पिएरोगी, सुक्या फळांचे सरबत, मासे. मासा म्हटले की हल्ली पोलंडमध्ये कार्प. रोहू आणि कटला त्याच कुळातले. सगळ्यांत जवळचा वाटेल तो पदार्थ कुत्या. कांडलेला गहू शिजवून त्यात वाटलेली खसखस, मध, अक्रोड आणि बेदाणे घालतात. हा पूर्व पोलंडचा पदार्थ, म्हणजे वळिवड्यात आलेल्या बहुतेकांच्या मुलखातला. कोल्हापूरकडे खपली गव्हाची खीर करणाऱ्यांना त्याची कृती समजावून सांगायला नको.

जेवणाआधी ओप्वातेक. कणीक आणि पाण्याचा हा कागदासारखा पातळ पापुद्रा कोरीव लोखंडी साच्यात भाजतात, त्यावर येशूजन्माचे चित्र उमटते. घरातली वडीलधारी व्यक्ती तो सर्वांना देते. मग प्रत्येकजण दुसऱ्याच्या तुकड्यातला कण मोडून खातो आणि त्याला समोरासमोर शुभेच्छा देतो. वर्षभराचे रुसवे इथे मिटतात, म्हणून हा भाग घाईत उरकू नये. साचा नसेल तर तव्यावरचा पातळ फुलकाही या कामी यावा.

वॉर्सात त्या दिवशी दुपारी साडेतीनच्या आतच सूर्य मावळतो, कामोठ्यात सहा वाजून जातात. त्यामुळे चांदणी पाहायला सोसायटीच्या गच्चीवर जायला मुलांना पुरेसा वेळ मिळतो. भेटवस्तू जेवणानंतर उघडतात. त्या हाताने केलेल्या असाव्यात: पिएर्निकचा तुकडा, आवळ्याचा मुरंबा, जुन्या साडीची छोटी गोधडी, आजीच्या आवडत्या पदार्थांची नातवाने लिहिलेली वही. त्यानंतर कोलेंदी ही नाताळगीते आणि मध्यरात्री चर्चमध्ये पास्तेर्का ही प्रार्थना. कोलेंदी पुढे २ फेब्रुवारीपर्यंत गातात आणि पुष्कळ घरांत झाडही तोवर उभे असते.