ठमीचं न झालेलं बाळंतपण

गेल्या डिसेंबरात आमच्या ठमीला कानटोपी झाली. मुलगी झाली, मुलगा झाला म्हणतात ना, अगदी तशी. चिरंजीवांची बालवाडीतली लाल लोकरीची टोपी तिनं कपाटाच्या खालून शोधून काढली, पलंगाखाली गोधडी उकरून जागा केली आणि टोपीला पोटाशी घेऊन ती पडून राहिली. मधूनच उठायची, टोपी चाटायची, पुन्हा वेटोळं करून बसायची. जेवायला हाक मारली तर नुसतं डोळे वर करून बघायची.

ठमी आमची अडीच वर्षांची गावठी कुत्री. साताऱ्याच्या एका पावसाळ्यात भिजत आली ती राहिलीच. तिचं ऑपरेशन करून घ्यायचं हे दिवाळीआधीच ठरलं होतं. चिरंजीवांना नाताळची सुट्टी, माझ्या दोन रजा शिल्लक. असा सगळा मेळ घालून २६ डिसेंबर ही तारीख डॉक्टरांकडून पक्की केली होती. आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हे डोहाळे.

पहिले दोन दिवस आम्ही हसलो. शेजारच्या काकू ‘अळिवाची खीर करून देऊ का?’ म्हणून चेष्टा करून गेल्या. तिसऱ्या दिवशी चिरंजीवांनी टोपी उचलायला पलंगाखाली हात घातला आणि ठमी त्याच्यावर गुरगुरली. ज्याच्या पांघरुणात शिरून ती झोपते त्याच्यावर! हात वाचला, पण पोरगं पांढरंफटक पडलं. त्याच रात्री माझ्या लक्षात आलं, की तिची आचळं सुजली आहेत आणि त्यांतून दूध येतंय.

इथं मी एक चूक केली, ती सांगूनच टाकते. बाईमाणसाच्या बुद्धीनं मला वाटलं, ठणकत असेल बिचारीचं. मी गरम पाण्याच्या पिशवीनं शेक दिला आणि हलक्या हातानं थोडं दूध पिळून काढलं. ठमी शांत पडून होती, मलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सूज दुप्पट.

डॉक्टरांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. ‘वहिनी, गवळ्याकडे काय करतात? जेवढं पिळाल तेवढा पान्हा फुटणार!’ मग त्यांनी प्रश्नांची फैर झाडली. माजावर कधी आली होती? नवरात्रात. ताप? पाणी फार पिते? उलट्या? खालून पू जातोय का? माजानंतरच्या याच आठवड्यांत गर्भाशयात पू धरण्याचा आजार होतो आणि त्यात कुत्री दगावतेसुद्धा, म्हणून ही चौकशी. यातलं काहीच नव्हतं. मग शेवटचा प्रश्न आला, ‘त्या दिवसांत बाहेर सुटली होती का?’

मी ठामपणे नाही म्हटलं. चिरंजीव टेबलाखाली बघत म्हणाले, ‘एकदा. पट्टा सुटला होता. दहाच मिनिटं.’

आता आली का पंचाईत! लगेच सोनोग्राफी झाली. पोटात पिल्लू नव्हतं, पूही नव्हता. हे बघितल्याशिवाय डॉक्टर औषधाला हात लावायला तयार नव्हते, कारण दूध आटवणारी जी गोळी आहे तिनं खरा गर्भ असेल तर पडून जातो.

मला कोडं पडलं होतं ते वेगळंच. पोटात काही नाही, तर शरीराला हे कळत कसं नाही? डॉक्टरांनी सांगितलं ते मला मोठं नवलाचं वाटलं. कुत्रीची जात निराळी. माज संपला की नराशी संबंध येवो न येवो, तिचं अंडाशय जवळजवळ दोन महिने गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन तयार करतच राहतं. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. म्हणजे रिकाम्या पोटाची कुत्रीही तेवढे दिवस रक्तातून गाभणच असते म्हणा ना. मुदत भरत आली की प्रोजेस्टेरॉन घसरतं, दुधाचं संप्रेरक प्रोलॅक्टिन वर चढतं आणि मग कुणाला नुसती गोधडी उकरावीशी वाटते, कुणाला पान्हा फुटतो. वेड नाही, नाटक तर नाहीच. ‘कॅलेंडर बरोबर चाललंय तिचं,’ डॉक्टर म्हणाले, ‘फक्त पाहुणे आले नाहीत.’

‘मग परवाच ऑपरेशन उरकून टाकू या. मुळावरच घाव,’ मी म्हटलं. रजेचं गणित डोक्यात होतंच. ते नाही म्हणाले. अशा वेळी अंडाशयं काढली तर उरलंसुरलं प्रोजेस्टेरॉन एका दिवसात खाली येतं आणि प्रोलॅक्टिनला मोकळं रान मिळतं. मग दूध, कुरकुर, घरटं करणं हे सगळं महिनोन् महिने रेंगाळू शकतं, आणि तोवर ज्यावर इलाज करायचा ती अंडाशयंही हातची गेलेली. शिवाय दुधानं भरलेल्या पोटावर चिरायचं म्हणजे रक्तही जास्त जाणार. २६ डिसेंबरवर त्यांनी माझ्यासमोर काट मारली.

घरी करायचं ते तसं साधं होतं. आचळांना हात लावायचा नाही, शेक नाही, पिळणं नाही. तिला चाटू द्यायचं नाही, कारण चाटण्यानंही दूध वाढतं. त्यासाठी चिरंजीवांचा जुना बनियन तिला घातला. फिरणं वाढवायचं, खाणं थोडं कमी. पाणी मात्र तोडायचं नाही. टोपी हिसकावायची नाही, ती बाहेर गेली की गुपचूप उचलायची. आचळ लाल, गरम, दगडासारखं झालं तर तडक यायचं. बहुतेक कुत्र्या दोन-तीन आठवड्यांत आपोआप निवळतात, पण ठमीचं दूध फार होतं, म्हणून कॅबरगोलीनची गोळी वजनाच्या हिशेबानं तुकडा करून खाण्यातून दिली. ही बायकांनाही दूध थांबवायला देतात, हे मला तिथंच कळलं.

टोपी काढायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. ठमी फिरायला गेली तेव्हा त्यांनी ती उचलली, धुतली आणि स्वतःच्या ट्रंकेत ठेवली. परत आल्यावर ठमी घरभर शोधत फिरली. पलंगाखाली, मोरीत, देवघरात. रात्री दारापाशी बसून बारीक आवाजात रडली. माझ्याच्यानं ऐकवेना. मी म्हटलं, ‘आई, आजच्या दिवस देऊ या का परत?’

त्या माळ ओढत बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘नको. आठवण समोर असली की आटत नाही.’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘१९६८ साली माझं पहिलं गेलं ना, आठव्या दिवशी. अंगावर दूध तसंच. माझ्या आईनं मोगऱ्याची फुलं बांधली छातीला. आणि बाळाचं दुपटं, झबलं, सगळं त्याच दिवशी मामाकडे धाडलं. हात लावू नकोस म्हणाली, वाटेल तेवढं दुखू दे.’

लग्न होऊन मला सतरा वर्षं झाली. थोरले दीर हेच त्यांचं पहिलं अपत्य, असं मी समजत होते. मला काय बोलावं सुचेना. त्या उठल्या, दारापाशी जाऊन बसल्या आणि ठमीनं त्यांच्या मांडीवर डोकं टाकलं.

पाचव्या-सहाव्या दिवशी ठमी स्वतःहून ताटलीपाशी आली. दूध कमी होत थांबलं. मधल्या काळात ‘एकदा पिल्लं होऊ द्या, मग नाही होत असं’ हा सल्ला निदान चार जणांनी दिला. डॉक्टरांनी तो निकालात काढला: पिल्लं झाली तरी पुढच्या माजानंतर हेच पुन्हा होऊ शकतं. कायमचा उपाय ऑपरेशनच, फक्त वेळ साधून. दूध पुरतं आटल्यावर काही आठवडे जाऊ द्यायचे आणि पुढचा माज यायच्या आत गाठायचं.

संक्रांतीनंतर, जानेवारीच्या शेवटी ते झालं. माझी रजा बिनपगारी गेली. दहाव्या दिवशी टाके निघाले. त्या संध्याकाळी सासूबाईंनी ट्रंक उघडून टोपी बाहेर काढली आणि ठमीच्या पुढ्यात धरली. तिनं एकदा हुंगली, शिंकली आणि चिरंजीवांच्या मागे जिना चढून गच्चीवर गेली. सासूबाईंनी टोपीची घडी घातली आणि परत ट्रंकेत ठेवली.